फोन माझा, कागदपत्रं गावाची

दिवाळीच्या सुट्टीत जुना फोन उघडून त्यात काय काय साठलंय ते एका वहीत लिहून काढलं. पहिलीत आलेल्या लेकरांचे जन्मदाखले. पालकांच्या आधार कार्डांचे फोटो, पुढून आणि मागून. शिष्यवृत्तीसाठी मागवलेली बँक पासबुकांची पहिली पानं. शाळेत खिचडी शिजवणाऱ्या मावशींचं पॅन कार्ड. सासऱ्यांचा सातबारा. शेजारच्या ताईंचे दवाखान्याचे रिपोर्ट, कारण ते त्यांच्या मुलीला मुंबईला पाठवायचे होते आणि त्यांचा रिचार्ज संपला होता. या सगळ्यानंतर कुठं माझं स्वतःचं सामान: पगाराची स्लिप, पुतणीच्या लग्नाचे फोटो, दोन बँकांची ॲप.

मी औसा तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत शिकवते. गावात ज्याचा फोन चालू असतो आणि ज्याला फॉर्म भरता येतो, त्याच्याकडं कागद येतातच. "बाई, एवढं पाठवून द्या" म्हणणाऱ्याला नाही कसं म्हणायचं? फोनची प्रायव्हसी या विषयावर मी जे वाचलं त्यात "तुमचा डेटा, तुमचा हक्क" असंच सगळीकडं होतं. माझ्या फोनात निम्म्याहून जास्त डेटा माझा नव्हताच. नवा फोन निवडताना आणि बसवताना हीच गोष्ट डोक्यात ठेवली, आणि त्यामुळं काही निर्णय जरा वेगळे झाले. पुढचं सगळं त्याबद्दल.

निमित्त मात्र पावसाचं. सप्टेंबर २०२५ मध्ये मराठवाड्यात काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे. काढणीला आलेलं सोयाबीन पाण्यात उभं राहिलं. पंचनामे झाले, याद्या झाल्या, आणि त्यातली एक यादी कुणीतरी फोटो काढून गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकली. नाव, गट नंबर, मोबाइल, बँक खातं आणि पूर्ण बारा आकडी आधार. ग्रुपमध्ये गावातली माणसं आहेत, पुण्या-मुंबईला गेलेली आहेत, खताचे एजंट आहेत, आणि कुणालाच ओळख सांगता येणार नाही असेही नंबर आहेत.

थोड्याच दिवसांत फोन सुरू झाले. समोरचा माणूस नाव बरोबर घ्यायचा, गट नंबर बरोबर सांगायचा, आणि मग "अनुदान अडकलंय, आलेला ओटीपी सांगा" म्हणायचा. एवढी माहिती बरोबर सांगणाऱ्यावर माणूस विश्वास ठेवतो. पाठोपाठ एक फाइल फिरली, नुकसानभरपाईची यादी म्हणून, पण नावाच्या शेवटी एपीके. एपीके म्हणजे यादी नसते, ते प्ले स्टोअरला वळसा घालून फोनात शिरणारं ॲप असतं. ते आधी एसएमएस वाचायची परवानगी मागतं आणि मग 'ॲक्सेसिबिलिटी' नावाची. ही दुसरी परवानगी खरं तर दृष्टिहीन किंवा हात नीट न चालणाऱ्या लोकांसाठी आहे. ती मिळालेलं ॲप पडद्यावरचं सगळं वाचू शकतं आणि आपल्या वतीनं बटणंही दाबू शकतं. आमच्या गल्लीतल्या एका पोरानं ती फाइल उघडली. त्याच्या फोनवरून तीच फाइल त्याच्या सगळ्या ग्रुपवर गेली आणि खात्यातून पैसे गेले. त्याच्या भावानं लगेच १९३० ला, म्हणजे ऑनलाइन फसवणुकीची तक्रार घेणाऱ्या सरकारी नंबरला, फोन लावला म्हणून काही रक्कम वाटेतच थांबली. हा नंबर घरातल्या प्रत्येकाच्या फोनात नावानिशी टाकून ठेवा. अशा वेळी नंबर शोधत बसायला वेळ नसतो.

त्या रात्री मी माझ्या फोनची सुरक्षा अपडेटची तारीख बघितली. सेटिंगमध्ये 'फोनबद्दल' आणि त्यात अँड्रॉइडची आवृत्ती उघडली की दिसते. तारीख होती ऑक्टोबर २०२२ ची. म्हणजे त्यानंतर सापडलेली एकही फट माझ्या फोनात बुजवली गेली नव्हती. फोन चालत होता, कॅमेरा ठीक होता, बॅटरी संध्याकाळपर्यंत टिकत होती. बदलायचं एरवी कारण नव्हतं.

भाऊबीजेला भाची आली होती. पुण्यात सॉफ्टवेअर कंपनीत असते. तिच्यापुढं वही ठेवली. ती म्हणाली, "मावशी, हे बघून तर तुला ग्राफीनओएसच टाकून द्यायला पाहिजे." मग समजावून सांगितलं: गुगलच्या पिक्सेल फोनवर बसवता येणारी ही वेगळी प्रणाली आहे, मूळ अँड्रॉइडवरच बांधलेली, पण तिच्यात गुगलच्या सेवा आधीपासून नसतात आणि सुरक्षा जास्त कडक असते. ऐकायला छान. पण पिक्सेलची किंमत माझ्या बजेटच्या कितीतरी वर, आणि अशा बदललेल्या फोनवर काही बँकांची ॲप उघडतच नाहीत. आमच्या शिक्षण खात्याचं ॲप चाललं नाही तर मी कुणाला सांगणार होते? आयफोनचाही विचार झाला. एप्रिल २०२१ पासून त्यात एखाद्या ॲपला दुसऱ्या ॲपमध्ये आणि वेबसाइटवर आपला माग काढायचा असेल तर आधी विचारावं लागतं, ही सोय मला आवडली. नवा परवडत नव्हता. जुना घ्यावा, तर त्याचे अपडेट किती दिवस उरलेत हा प्रश्न पुन्हा उभा.

भाचीनंच मग सोपं करून दिलं. तिनं विचारलं, "तुला हे नेमकं कुणापासून सांभाळायचंय?" माझं उत्तर तयार होतं. एक, ओटीपी मागणाऱ्या चोरांपासून. दोन, फोन हरवला तर ज्याला सापडेल त्याच्यापासून. तीन, कारण नसताना संपर्कांची यादी आणि ठिकाण गोळा करणाऱ्या ॲपपासून. गुगलला माझ्याबद्दल काहीच कळू नये, असं मी यादीत लिहिलं नाही. माझी शाळेची निम्मी कामं गुगलच्याच खात्यावर चालतात. ते कमी करता येईल तेवढं करायचं, असं ठरलं.

फोन निवडताना मग पहिला प्रश्न: सुरक्षा अपडेट किती वर्षं मिळणार? इथं कंपन्यांमध्ये फार फरक आहे. पिक्सेल ८ पासून गुगल सात वर्षं देतं. सॅमसंगनं गॅलेक्सी ए१६ ५जी सारख्या कमी किमतीच्या फोनलाही सहा वर्षं जाहीर केली आहेत. त्याच किमतीत दुसरे कितीतरी फोन दोन-तीन वर्षांवर थांबतात, आणि हे खोक्यावर कुठंच छापलेलं नसतं. कंपनीच्या वेबसाइटवर मॉडेलचं नाव टाकून शोधावं लागतं. आणखी एक बारीक गोष्ट. ही वर्षं मॉडेल बाजारात आलं तेव्हापासून मोजतात, आपण विकत घेतलं तेव्हापासून नाही. सेलमध्ये स्वस्त झालेला दोन वर्षांपूर्वीचा फोन घेतला तर त्याची दोन वर्षं आधीच गेलेली असतात.

दुसरा प्रश्न: आधीपासून भरलेली ॲप काढता येतात का? हे फक्त दुकानातच कळतं.

३० नोव्हेंबरला, रविवारी, लातूरला गेले. गंजगोलाईच्या आसपास फिरून एका दुकानात बसले आणि डेमोचा फोन मागून घेतला. सरळ सेटिंग उघडली आणि ॲपची यादी खाली सरकवत बसले. दुकानातलं पोरगं थोडा वेळ बघत राहिलं, मग म्हणालं, "ताई, कॅमेरा बघा की. सेटिंगमधी काय बघायलात?" मी म्हटलं, "यातलं काय काढता येतं ते बघायलेय." एका फोनात लॉक पडद्यावरच जाहिराती आणि बातम्या येत होत्या. दुसऱ्यात कंपनीचं स्वतःचं ॲप दुकान होतं, जे नुसतं बंद करता येत होतं, काढता येत नव्हतं. ज्यात सगळ्यात कमी कचरा होता आणि अपडेटची वर्षं जास्त होती तो घेतला. साडेअठरा हजार, वर कव्हर आणि काचेचे साडेतीनशे.

हप्त्यावर घ्यायचा आग्रह झाला. शून्य डाउन पेमेंट, महिन्याला थोडे थोडे. तेव्हा एवढं नक्की विचारा की फायनान्सवाले फोनात कुठलं ॲप टाकतात. हप्ता चुकला तर फोन लांबूनच बंद करणारी ॲप असतात, आणि त्यांना फोनवर मालकापेक्षा जास्त अधिकार असतात. मी दिवाळीचे साठवलेले आणि थोडे पतपेढीतून काढून रोख दिले.

बिल करताना मोबाइल नंबर मागितला. मी म्हटलं, नंबर न टाकता बिल द्या. "मशिनमधी एन्ट्रीच होत नाही म्याडम." मे २०२३ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागानं दुकानदारांना सूचना दिली आहे की बिलासाठी ग्राहकाच्या नंबरचा हट्ट धरू नये. हे मी आवाज न चढवता सांगितलं. मालकांनी आतून बघितलं आणि एन्ट्री झाली. बिलावर आयएमईआय नंबर, म्हणजे प्रत्येक फोनचा स्वतःचा ओळख क्रमांक, बरोबर आहे का ते मात्र तिथंच जुळवून घ्या. फोनवर *#०६# दाबलं की तो पडद्यावर येतो. इंग्रजीत केवायएम, मग जागा सोडून तो पंधरा आकडी नंबर, असा एसएमएस १४४२२ ला पाठवला की फोन कुठल्या कंपनीचा, कुठल्या मॉडेलचा ते उत्तर येतं. जुना फोन घेणाऱ्यांनी तर पैसे द्यायच्या आधी हे करावंच. चोरीचा म्हणून नोंदलेला असेल तर तिथंच समजतं.

मग तो क्षण आला ज्यासाठी मी आधीपासून तयारी करून गेले होते. पोरगं म्हणालं, "द्या इकडं, दोन मिनटात सगळं टाकून देतो. जीमेल आहे का नवा काढू?"

आमच्याकडं बहुतेकांचे फोन असेच सुरू होतात. दुकानदार स्वतःच खातं काढतो, पासवर्ड म्हणून नाव आणि पुढं १२३४ टाकतो, एका चिठ्ठीवर लिहून देतो, आणि चिठ्ठी हरवते. तो लुच्चा असतो असं नाही, त्याला पुढचं गिऱ्हाईक असतं. पण गुगलचं खातं ज्याच्या हातात, त्याच्या हातात फोटो, संपर्क, नकाशावरचा प्रवास आणि हरवलेला फोन पुसायचं बटणसुद्धा. मी फोन पिशवीत टाकला आणि एसटीत बसले.

घरी रात्री जेवणं झाल्यावर बसले. घाई नको. सुरुवातीच्या पडद्यांवर 'पुढे' हे बटण मोठं आणि ठळक असतं, आणि 'नको' बारीक अक्षरात कोपऱ्यात. वापराची माहिती कंपनीला पाठवणं, माझ्यासाठी निवडलेल्या जाहिराती, ऑफरचे संदेश, हे सगळं नको केलं आणि फोनचं काहीही अडलं नाही. सहा आकडी पिन ठेवला, जन्मतारीख सोडून. बोटाचा ठसाही दिला. लॉक पडद्यावर संदेशाचा मजकूर लपवला. नाहीतर फोन कुलूपबंद असूनही ओटीपी वरच दिसतो.

गुगलच्या खात्यात सुरक्षा तपासणी नावाचं पान आहे. तिथं आपलं खातं कुठकुठल्या फोनवर चालू आहे त्याची यादी मिळते. माझ्या यादीत शाळेतला बंद पडलेला टॅब आणि आता पुतण्याकडं असलेला एक फोन निघाला. दोन्ही काढले. 'वेब आणि ॲप ॲक्टिव्हिटी' तीन महिन्यांनी आपोआप पुसली जाईल असं केलं. याहून कमी मुदत मिळत नाही, तीन, अठरा किंवा छत्तीस महिने एवढेच पर्याय. ठिकाणांचा इतिहास बंद. सेटिंगमधल्या गुगलच्या भागात जाहिराती असं एक पान आहे, त्यात जाहिरात आयडी कायमचा पुसता येतो. त्यानं जाहिराती कमी होत नाहीत, पण वेगवेगळी ॲप ज्या एका नंबरावरून आपल्याला ओळखत असतात तो जातो.

याच आठवड्यात गंमत झाली. १ डिसेंबरला बातमी आली की प्रत्येक नव्या फोनात 'संचार साथी' हे सरकारी ॲप आधीपासून असलंच पाहिजे, असा आदेश दूरसंचार विभागानं फोन कंपन्यांना दिला आहे. स्टाफरूममध्ये दोन तट पडले. देशभर गदारोळ झाला आणि ३ तारखेला ती सक्ती मागे घेतली गेली. मी त्याची वेबसाइट मात्र वापरली, आणि तुम्हीही वापरा. ॲप टाकायची गरज नाही. आपला नंबर आणि ओटीपी टाकला की आपल्या नावावर किती सिम आहेत ते दिसतं. एका माणसाला नऊ सिमपर्यंत परवानगी असल्यामुळं एखादं जास्तीचं सिम असंच खपून जातं. माझ्या नावावर सगळं ठीक होतं. आमच्या ह्यांच्या नावावर एक अनोळखी नंबर निघाला. मधले आकडे झाकलेले असतात, पण हा आपला नाही एवढं कळतं. 'हा माझा नंबर नाही' असं निवडून तक्रार टाकली, आलेला संदर्भ क्रमांक वहीत लिहिला. जानेवारीच्या मध्यावर यादीतून तो नंबर गेलेला दिसला. कुठं कोणत्या झेरॉक्सवरून ते सिम निघालं असेल, देव जाणे.

ॲप टाकताना मी एक नियम केला: कुठल्याही ॲपला पहिल्यांदा 'नाही' म्हणायचं, आणि काम अडलं तरच परवानगी द्यायची. ई-पीक पाहणीचं, म्हणजे शेतातलं पीक सरकारी नोंदीत चढवायच्या ॲपचं, उदाहरण घ्या. त्याला ठिकाण लागतं, कॅमेरा लागतो, आणि दोन्ही वाजवी आहेत. शेतात उभं राहून फोटो काढला हे त्याशिवाय कसं ठरणार? तिथं 'ॲप वापरताना फक्त' हा पर्याय द्यायचा. हंगाम संपला की ॲप तसंच पडून राहतं. अँड्रॉइड ११ पासून बरेच दिवस न उघडलेल्या ॲपच्या परवानग्या आपोआप निघतात, फक्त ती सोय चालू आहे का ते बघून घ्या. फोटो मागणाऱ्या ॲपला नव्या फोनात सगळी गॅलरी द्यावी लागत नाही, निवडलेले दोनच फोटो देता येतात. कॅमेरा किंवा माइक चालू असेल तर वरच्या कोपऱ्यात हिरवा ठिपका दिसतो, तो बघायची सवय लावून घ्या. टॉर्चसाठी वेगळं ॲप टाकूच नका, ती फोनात असते.

संपर्कांच्या परवानगीवर मात्र मी सगळ्यात जास्त अडले. अनोळखी फोन आला की नाव दाखवणारी ॲप आमच्या स्टाफमध्ये सगळ्यांकडं आहेत आणि उपयोगीही आहेत. पण असलं ॲप आपले संपर्क मागतं, आणि माझ्या फोनात शेकड्यांनी पालकांचे नंबर नावानिशी आहेत. 'शीतलची आई, विधवा', असं मीच लिहून ठेवलेलं, लक्षात राहावं म्हणून. शेजारणीनं सांभाळायला दिलेली घराची किल्ली मी परस्पर तिसऱ्याला देऊ शकत नाही, तसे हे नंबरही मला देता येत नाहीत. आमच्या खिचडीच्या मावशींच्या पोरानं मागं झटपट कर्जाचं कुठलंसं ॲप टाकलं होतं. हप्ता राहिला तेव्हा वसुलीवाल्यांनी त्याच्या फोनातल्या सगळ्यांना फोन केले, मलाही. कर्ज देणाऱ्या ॲपनी संपर्क, कॉलची यादी आणि फाइल यांना हात लावू नये, असं रिझर्व्ह बँकेनं सप्टेंबर २०२२ मध्येच बजावलं आहे. म्हणजे कर्जाच्या ॲपनं संपर्क मागितले की ते ॲप कसलं आहे हे तिथंच ओळखायचं. मी नाव दाखवणारं ॲप टाकलं नाही. अनोळखी फोन उचलते, पालकांचा असू शकतो. ओटीपी कुणी मागितला की ठेवते.

व्हॉट्सॲपला फार वेळ गेला नाही. दुहेरी पडताळणीचा सहा आकडी पिन, जोडलेली उपकरणं बघून अनोळखी असेल ते बाहेर, ग्रुपमध्ये टाकायची परवानगी फक्त 'माझे संपर्क' यांना, आलेले फोटो आपोआप गॅलरीत जाणं बंद. व्हॉट्सॲपनं एपीके उघडू नये म्हणून सेटिंगमधलं 'अनोळखी ॲप इन्स्टॉल करणं' त्याच्या नावापुढं बंद आहे याची खात्री केली. बॅकअपचं मात्र बऱ्याच जणांना माहीत नसतं. संदेश जाता-येता कुलूपबंद असतात, पण गुगल ड्राइव्हवरची बॅकअप प्रत तशी असेलच असं नाही. ती कुलूपबंद करायची सोय २०२१ पासून आहे आणि आपणच चालू करावी लागते. त्याचा पासवर्ड विसरला तर बॅकअप गेला समजा. मी तो वहीत लिहून कपाटात ठेवलाय. कपाटातली वही हॅक होत नाही.

आणि मग ती आधार कार्डं. डिसेंबरच्या संध्याकाळी त्यातच गेल्या. जुन्या फोनातले फोटो नव्यात आणायच्या आधी एकेक बघत बसले. ज्याचं काम झालंय तो कागद पुसायचा, ज्याचं राहिलंय ते काम आधी उरकायचं. गॅलरीतून पुसलं तरी गुगल फोटोंच्या कचरापेटीत बॅकअप झालेला फोटो साठ दिवस राहतो, त्यामुळं कचरापेटीही रिकामी करावी लागते. व्हॉट्सॲपच्या चॅटमध्ये आणि फाइलींच्या फोल्डरमध्ये त्याच फोटोची आणखी एकेक प्रत असते. शाळेच्या कामाचं जे खरंच ठेवायला हवं ते शाळेच्या संगणकावर गेलं.

जानेवारीपासून पालकांना सांगितलंय, आधारचा फोटो पाठवू नका. कागद घेऊन या, मी समोर आकडे भरते आणि कागद परत देते. प्रत द्यायचीच असेल तर 'मास्क्ड' आधार द्या. त्यात शेवटचे चारच आकडे दिसतात आणि आधारच्या वेबसाइटवरून फुकट निघतं. अर्थात त्यासाठी आधारला मोबाइल जोडलेला हवा, आणि निम्म्या गावाचं घोडं तिथंच अडतं.

आमच्या घरातही अडलं. सासूबाईंच्या (मी त्यांना आत्या म्हणते) आधारला दिरांचा कधीचाच बंद झालेला नंबर होता. आत्यांना घेऊन तालुक्याच्या आधार केंद्रावर गेले, तर लाडक्या बहिणीच्या ई-केवायसीची मुदत ३१ डिसेंबर असल्यामुळं बायांची रांग रस्त्यापर्यंत आलेली. परत आलो. जानेवारीत गर्दी ओसरल्यावर सकाळी लवकर गेलो तर काम पटकन झालं. नंबर बदलायला कागदपत्र लागत नाही, अंगठा आणि ७५ रुपये. ऑक्टोबर २०२५ पासून हा दर आहे, आधी पन्नास होते. जास्त मागितले तर पावती मागा आणि आधारच्या मदत नंबरला, १९४७ ला, फोन करा. आठवडाभरात नंबर जोडला गेला.

मग त्यांच्या आधारचं बायोमेट्रिक लॉक केलं, म्हणजे कुणाला त्यांच्या अंगठ्यावर पैसे काढता येऊ नयेत. आत्यांना ते पटलं नाही. त्या श्रावणबाळची पेन्शन बँक मित्राकडं अंगठा लावूनच काढतात. "माझाच अंगठा मला उघडत नाही म्हणजे काय गं? कामून कुलूप लावलं?" त्यांचं खरं होतं. लॉक तात्पुरतं उघडता येतं, पण ते मी माझ्या फोनवरून करायचं, म्हणजे पेन्शनच्या दिवशी त्या माझ्या शाळा सुटण्याची वाट बघत बसणार. शेवटी लॉक काढलं. दर महिन्याला आधार कुठं कुठं वापरलं गेलं त्याची नोंद वेबसाइटवर दिसते, ती मी बघते, आणि आत्यांच्या खात्यात पेन्शनपुरतेच पैसे ठेवतो. बाकीचे दुसऱ्या खात्यात. माझं आणि ह्यांचं मात्र लॉक आहे.

गावाच्या ग्रुपवरच्या यादीचं काय झालं तेही सांगते. ग्रुपचे ॲडमिन गावातलेच, माझ्या एका विद्यार्थ्याचे चुलते. त्यांना भेटून म्हटलं, दादा, आधार कायद्याच्या कलम २९ मध्ये आधार क्रमांक असा जाहीर लावता येत नाही असं लिहिलंय, तेवढा फोटो काढून टाका. ते म्हणाले, "बाई, यादी लावल्याशिवाय लोकांना कळणार कसं? तुम्हीच सांगा. कुणाचं नाव राहिलं तर आमच्याच नावानं ओरडतेत." तेही खोटं नाही. मदत कुणाला मिळाली हे गावाला कळलंच पाहिजे, नाहीतर मधले खातात. शेवटी असं ठरलं: नाव, गट नंबर आणि रक्कम दिसू द्यायची, मोबाइल, खातं आणि आधार पट्टीनं झाकायचं. फोनातच फोटोवर काळी रेघ मारता येते, मी करून दाखवलं. एक बघा, पारदर्शक मार्कर वापरलात तर खालचे आकडे उजेड वाढवला की दिसतात. पूर्ण काळा चौकोनच टाका. जुना फोटो त्यांनी ग्रुपवरून काढला. ज्यांनी तो आधीच उतरवून घेतला त्यांच्याकडं तो आहेच, त्याला इलाज नाही. ही बोली झाल्यापासूनच्या याद्या मात्र झाकलेल्या आल्या.

जुना फोन शेवटी. त्यातलं गुगल खातं आधी काढलं आणि मग फोन पूर्ण रीसेट केला. हा क्रम महत्त्वाचा. खातं न काढता रीसेट केला तर पुढच्या माणसाला फोन तुमचा पासवर्ड मागत बसू शकतो. मेमरी कार्ड मात्र रीसेटनं आपोआप पुसलं जात नाही. ते आधी काढून घ्या. माझ्या कार्डात चार वर्षांची स्नेहसंमेलनं होती. दुकानात जुन्या फोनचे बाराशे देत होते. तो आता शाळेत गाणी लावायला आहे, सिमशिवाय.

सिमला पिन लावायचं काम फेब्रुवारीत केलं. फोन चोरीला गेला तर सिम दुसऱ्या फोनात घालून ओटीपी घेता येतात, ते यानं थांबतं. पण मूळ पिन काय आहे हे आधी तुमच्या सिम कंपनीला विचारून घ्या. तीनदा चुकला की सिम अडकतं आणि मग ते उघडणारा पीयूके नंबर शोधत फिरावं लागतं.

यूपीआयचं एक राहिलंय. माझा यूपीआय आयडी म्हणजे माझा मोबाइल नंबरच आहे, त्यामुळं भाजीवाल्यापासून सगळ्यांना तो दिसतो. नंबर नसलेला दुसरा आयडी ॲपमध्ये काढता येतो, पण पतपेढीच्या हप्त्याला जुनाच जोडलेला आहे. मार्चनंतर बघू.

आणि आमच्या कामाचं एक ॲप अजूनही रोज सकाळी संपर्कांची परवानगी मागतं. त्याला ती कशाला हवी ते मी तीन ठिकाणी विचारलं, कुणालाच सांगता आलं नाही. मी रोज 'नाही' दाबते. माहिती भरली जाते, कुणी काही विचारलेलं नाही.